जिथं पाहा तिथं आमचे रोडगे

माझी पुतणी एका दुपारी मला 'माय' म्हणाली, म्हणून मी वेबसाईट काढली. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. आमच्या घरात गोष्टी अशाच सुरू होतात.

आमची वस्ती रिसोडच्या थोडी बाहेर आहे. घरात दोन भाऊ आणि आम्ही दोघी जावा. माझा नवरा रिसोड ते शिरपूर जीप चालवतो आणि मी रिसोडला बसस्टँडजवळच्या एका ऑनलाईन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरते. थोरले दीर, ज्यांना आमच्याकडे भासरे म्हणतात, ते आणि माझी मोठी जाऊ दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम दसऱ्याला येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, कोयता पक्का करतो, आणि मग होळीपर्यंत ती दोन्ही माणसं त्याची. तेवढे दिवस त्यांची पोरगी माझ्याजवळ राहायची.

त्या दुपारी जाऊबाईंचा उसाच्या फडातून फोन आला होता. पोरगी अंगणात बसून बोलत होती. वेणी घालायची म्हणून मी आतून तिला हाक मारली. ती फोनवर म्हणाली, "थांब, माय बोलावून राह्यली."

एरवी ती मला काकू म्हणते. तोंडातून निघून गेलं लेकराच्या. पण फोन स्पीकरवर होता, आणि पलीकडे एकदम सामसूम झालेली मला ऐकू आली. मग जाऊबाईंनी विचारलं, जेवली का, शाळेत गेली का, आणि फोन ठेवला. पोरगी उड्या मारत आत आली, तिला काही पत्ताच नाही. मला इतकं रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. तो कोणावर काढावा ते कळेना, म्हणून भांड्यांवर काढला. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, भगुण्याला पोचा कसा आला? मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊबाई ऊस तोडायला जाणार नाहीत, बस्स.

तो म्हणाला, मग खाणार काय? बरोबरच होतं त्याचं. पण माझ्याकडे उत्तर होतं, ते म्हणजे जाऊबाईंचे रोडगे. वऱ्हाडाबाहेरच्या माणसासाठी सांगते: जाडसर दळलेल्या कणकेच्या चकत्या तेल लावून एकात एक भरायच्या, त्याचा गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. नवस फेडायचा तर रोडगे, शेतात मंडळी जमवायची तर रोडगे. चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत आम्ही दोघी ओळखीपाळखीत ऑर्डरी करायचो आणि लोक नाव काढायचे. अडचण थंडीची होती. थंडीत रोडगे खाणारे कमी नसतात बापा, उलट निखाऱ्याशी बसायची खरी मजा तेव्हाच. पण तेव्हा येतात ती बाहेरची माणसं. पुण्याहून डिसेंबरच्या सुट्टीत नवस फेडायला आलेली, शिरपूरला दर्शनाला आलेली. त्यांना आम्ही कुठून माहीत असणार? ती मोबाईलमध्ये शोधतात, आणि मोबाईलमध्ये आम्ही नव्हतो.

होळीला जाऊबाई परतल्या. हाताला भेगा, अंगावर पाचटाचे ओरखडे. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मोबाईलमंधी गवऱ्या जळत नाहीत."

भासरे तिथंच सुतळी वळत बसले होते. आमच्याकडे भासरे धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाहीत. मी खोलीत असले तरी ते बायकोला सांगतात, किंवा भिंतीला. त्या दिवशी त्यांनी बायकोकडे बघून मला अट घातली, की दसऱ्यापर्यंत थंडीच्या तारखा भरून दाखव, भरल्या तर राहू, नाहीतर उचल घेऊ. मी डोक्यावरचा पदर सारखा करत भिंतीलाच सांगितलं, की दाखवते.

आता माझी अक्कल ऐका. सेंटरवर दिवसभर आम्ही काय करतो? आधीच्या माणसाचा अर्ज उघडायचा, नाव बदलायचं, गाव बदलायचं, छापायचा. रांग मोठी असली की दुसरा उपायच नाही. तोच हात मी वेबसाईटवर चालवला. रिसोडचं एक पान फुरसतीनं, मन लावून लिहिलं. मग त्याचीच नक्कल करून शिरपूरचं, कामरगावचं, कारंज्याचं, मालेगावचं, जिल्ह्यातलं एकही मोठं गाव सोडलं नाही. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव वेगळं. एका दुपारीत एवढी पानं! मला वाटलं, आता जिल्ह्यात कुठूनही कोणी रोडगे शोधले की आम्हीच दिसणार. जेवताना मी नवऱ्याला इतक्या ऐटीत सांगितलं, की त्यानं मान डोलावली आणि जास्तीची भाकर मागून घेतली.

पाऊस लागला, सोयाबीन पेरून झालं, फोन काही वाजेना. मी शोधून बघायचे. रिसोडचं पान तेवढं कुठंतरी खोल तळाशी सापडायचं. बाकीची पानं जशी काही जमिनीनं गिळली. खाली एक बारीक ओळ यायची, की यासारखेच इतर निकाल वगळले आहेत. वगळले म्हणजे? मी काय चोरीचा माल विकत होते? माझं डोकंच फिरलं. सेंटरचे मालक हसून म्हणाले, रोडग्याची पण वेबसाईट असते का कुठं? मी त्यांच्याशी आठवडाभर नीट बोलले नाही.

मग श्रावणात एक फोन आला. शिरपूरला यात्रेकरूंची मंडळी घेऊन येणारे एक गृहस्थ होते. बरंच खाली खाली जाऊन त्यांना आमचं शिरपूरचं पान सापडलं होतं. अगदी मऊ आवाजात त्यांनी मला माझंच पान वाचून दाखवलं: शिरपूरच्या यात्रेकरूंसाठी रात्रीच्या पंगतीत रोडगे आणि लसणाची फोडणी दिलेली झणझणीत वांग्याची भाजी. मग म्हणाले, "ताई, आमच्यात सूर्य मावळला की जेवण नाही. लसूण-कांदा नाही, वांगं नाही. हे तुम्ही लिहिलंय कोणासाठी?"

अगं माय! शिरपूरच्या मंदिरावरून माझ्या नवऱ्याची जीप रोज जाते. तिथं दर्शनाला येणारी जैन मंडळी काय खातात आणि कधी जेवतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल. आणि मी त्यांना रात्री लसूण वाढायला निघाले होते. धरती दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते गृहस्थ मात्र चिडले नव्हते, हसत होते. मी माफी मागितली, फोन ठेवला, आणि मग त्यांचा प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. हे लिहिलंय कोणासाठी? खरं सांगायचं तर कोणासाठीच नाही. सगळी पानं मी मशीनसाठी लिहिली होती. आणि मशीन काही खुळं नाही. एकच बाई लुगडं बदलून पुन्हा पुन्हा दारात आली, तर आपण तरी तिला किती वेळा घरात घेऊ?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी ती सगळी नक्कल केलेली पानं उडवली. काळजावर दगड ठेवून नाही, चांगलं दात-ओठ खाऊन उडवली. आणि ठरवलं, गावाला एक पान नाही. माणसाला एक पान. ज्याची अडचण वेगळी, त्याचं पान वेगळं.

पहिलं शिरपूरचं. त्यासाठी आधी स्वयंपाक करून बघायला हवा होता. लसणाशिवाय फोडणी म्हटल्यावर जाऊबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मिठाशिवाय वरण मागितलं. पण केली त्यांनी. वांग्याऐवजी लाल भोपळा, फोडणीत हिंग-जिरं. चाखली, पुन्हा चाखली आणि म्हणाल्या, "बेस झाली." मग मी पानावर लिहिलं, की कांदा-लसूण-कंदमूळ काही नाही, दुपार कलायच्या आधी विस्तव पेटतो, सूर्य मावळायच्या आत ताटं उचललेली असतात, आणि प्रत्येक गोवरी झटकून, उलटीपालटी करून, किडामुंगी नाही हे बघूनच विस्तवात जाते. हे शेवटचं जाऊबाई आधीपासूनच करायच्या. लिहायचं मलाच सुचलं नव्हतं.

दुसरं पान नवसाचं, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी. त्यांची अडचण मला सेंटरवर पाठ झाली होती. गावातलं घर बंद, भांडी नाहीत, नवस आजी बोलून गेलेली आणि काय काय लागतं हे कोणालाच ठाऊक नाही. तिसरं कामरगावकडच्या शेतातल्या जेवणांचं. तिथं विचारतात ते वेगळंच: शेतात पाणी कुठून आणणार, जीप बांधापर्यंत येईल का, विस्तव विझवून कोण जाणार. ते पान माझ्या नवऱ्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. प्रत्येक पानावर बाकीच्या पानांची वाट दाखवून ठेवली, की शेतात नको, मंदिराजवळ हवं असेल तर इकडे या. मध्येच हाव सुटून नवसाची दोन पानं केली, तर दोघी सवतीसारख्या भांडायला लागल्या. आज ही पुढे तर उद्या ती, आणि दोन्ही तळाशीच. मग दोन्हींचं मिळून एकच भरघोस पान केलं, तेव्हा कुठं ते वर सरकू लागलं.

चौथ्या पानावरून आमच्या घरात खरं भांडण झालं. मला लिहायचं होतं, रोडगे आतून कच्चे काहून राहतात. पुण्या-मुंबईत लोक गच्चीवर रोडगे करायला जातात आणि वरून कोळसा, आतून कणीक अशी गत करून घेतात. तेच शोधतात मग. जाऊबाई कडाडल्या, की आपलं पोट ज्याच्यावर आहे तेच गावभर वाटत सुटली का? दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी कणीक मळता मळता आपणच म्हणाल्या, "लिही. पण किती वेळ ठेवायचं ते नको लिहू. ते हातालेच समजते."

मी लिहिलं: धूर आणि जाळ पूर्ण जाऊ द्या, जाळात रोडगा टाकला की वरून करपतो. निखारे पसरा, रोडगे वर ठेवा, शेकले की गरम राखेत पुरून टाका आणि मग उकरून बघू नका. घाई करणाऱ्याचा रोडगा कच्चा राहतो. आणि खाली एकच ओळ: एवढं करूनही जमलं नाही, तर आम्ही आहोत.

त्या ओळीनं काय काय केलं, बापा बापा! लोकांनी करून बघितलं, बहुतेकांचं बिघडलं आणि त्यांनी फोन लावला. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, तुमचं वाचून निम्मे जमले, उरलेले निम्मे तुमच्याच हातचे खायला येतो. आल्या की नंतर, डिसेंबरात, सगळं घरदार घेऊन.

पण आधी तो भाद्रपदातला दिवस सांगायलाच हवा. सेंटरवर रांग होती. मी मोबाईलवर सहज रोडगे शोधले, आणि आमचं नवसाचं पान सगळ्यात वर! त्याच्या खालीच जरा आत सरकवलेलं शिरपूरचं. त्याच्या खाली कोणाचं तरी एक, आणि मग परत आमचं, कच्च्या रोडग्याचं. एकाच पडद्यावर आमच्या तीन जागा. पण मला संशय आला. आपल्याच मोबाईलवर आपलंच सारखं बघितलं की तो आपल्याला खूश करायला आपलंच वर दाखवतो, हे मी वाचलं होतं. म्हणून मी रांगेतल्या पहिल्या काकांना म्हटलं, काका, तुमच्या मोबाईलवर जरा रोडगे शोधा. ते बिचारे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले, त्यांना वाटलं हा फॉर्मचाच भाग आहे. शोधले त्यांनी. आमचंच वर! मागच्या बाईंना शोधायला लावलं, आमचंच. कारंज्याहून आलेल्या पोराला शेतातलं जेवण शोध म्हटलं, तर कामरगावचं पानही वर. मग मात्र मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली, आणि रांगेतली माणसं काही न कळताच हसायला लागली. मालक आतून धावत आले. मी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, आता सांगा, रोडग्याची वेबसाईट असते का? त्यांनी खाली-वर, खाली-वर करून बघितलं आणि चहा मागवला. रांगेतल्या सगळ्यांना मागवला.

दिवसा मी कामात असते, म्हणून नवसाच्या पानावर जाऊबाईंचा नंबर टाकला. त्यासाठी त्यांना वेगळं सिमकार्ड घेऊन दिलं. सुरुवातीला त्या फोन उचलून गप्प बसायच्या आणि समोरचा हॅलो हॅलो करून थकायचा. नवरात्र येईतो मात्र, माणसं किती, लहान पोरं धरून की सोडून, पाण्याची सोय आहे का, असं पोलिसासारखं विचारायला लागल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्गशीर्ष, पौष, माघ, सगळीकडे गोल पडले. शिरपूरच्या त्या मऊ आवाजाच्या गृहस्थांनी दोन मंडळ्यांच्या जेवणाचं सांगून ठेवलं. भासरे येता-जाता कॅलेंडरासमोर थांबायचे. दसरा तोंडावर आला आणि मुकादमाचं काय करायचं हे त्यांच्या तोंडून निघेना. माझा जीव टांगणीला लागला. तारखा भरल्या होत्या, पण वर्षानुवर्षांची सवय मोडायची म्हणजे माणूस घाबरतोच.

दसऱ्याच्या अलीकडचा रविवार होता. आम्ही दोघी अंगणात कणीक मळत होतो, भासरे ओट्यावर. जाऊबाईंचा फोन वाजला. हात भरलेले, म्हणून मी स्पीकर लावून धरला. पलीकडून एक घोगरा आवाज आला. टोळी घेऊन निघायच्या आधी मारुतीला नवसाचे रोडगे करायचे, की कोणाचा हात-पाय कापला जाऊ नये. दरसाल टोळीतल्या बायकाच करतात, पण यंदा ट्रक जास्त, माणसं जास्त. म्हणाला, "मोबाईलमंधी जिथं पाहा तिथं तुमचेच रोडगे येऊन राह्यले. मंग म्हटलं, तुमालेच फोन लावा."

मी काही ओळखलं नाही. पण जाऊबाईंचे मळते हात थांबले. तो आवाज त्यांनी वर्षानुवर्षं अंधाऱ्या पहाटे ऐकला होता, उठा, फडात चला म्हणून ओरडणारा. टोळीतल्या बायका रोडगे करतात म्हणजे कोण करायचं? त्याच. फुकटात, ट्रकमध्ये चढायच्या आदल्या दिवशी. त्यांनी भासऱ्यांकडे पाहिलं. भासऱ्यांनी मान खाली घातली, मग वर केली आणि हळूच हलवली. होकाराची.

"मुकादम, मी बोलून राह्यली," जाऊबाई म्हणाल्या. मुकादमाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो नुसता "आँ?" म्हणाला. मग जाऊबाईंनी एकेक शब्द सावकाश ठेवला. "यंदा आमचा कोयता धरू नका. रोडगे करायले येतो. माणसं किती, तेवढं सांगा."

फोन ठेवल्यावर भासरे उठले. बायकोकडे बघून म्हणाले, "तिले सांग, तिनं बोललेलं करून दाखवलं." आणि गोवऱ्या मोजायला मागच्या अंगणात निघून गेले. मी पदर तोंडात कोंबून हसले, की रडले, मला आता आठवत नाही.

दिवाळीच्या तोंडावर मुकादमाचं जेवण दणक्यात झालं. मारुतीच्या पारापुढे दुपारभर विस्तव, वरणाची मोठी पातेली, माझा नवरा पाण्याचे ड्रम आणून आणून घामाघूम. जाऊबाईंनी टोळीतल्या प्रत्येक बाईला थांबून, आग्रह करून तुपाची धार वाढली. सगळ्या त्यांच्या सोबतिणी होत्या, फडात एकमेकींच्या शेजारी मोळ्या बांधलेल्या. एकीनं त्यांचा हात धरून विचारलं, तू नाहीस का यंदा? जाऊबाईंनी मान हलवली. मग त्या बाईच्या पदरात दोन रोडगे बांधून दिले आणि सांगितलं, पुढच्या साली मले हातभार लावाले येजो, माणसं लागतील. मुकादम जेवून उठला, म्हणाला, चांगला कोयता गेला माझा. पण तूप मात्र तीनदा मागून घेतलं होतं त्यानं.

दुसऱ्या दिवशी ट्रक आमच्या वस्तीवरूनच गेले. आम्ही दोघी विहिरीजवळ काळी झालेली पातेली घासत होतो. जाऊबाई राखेचा हात तसाच धरून, शेवटचा ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात घरातून पोरीचा आवाज आला, वेणी घालून पाहिजे होती तिला.

"माय!"

मी पातेल्यातून मान वर केली नाही. जाऊबाईंनी राखेचे हात धुतले आणि घरात गेल्या.